लोणारच्या पाषाणातील नोंद आणि विमानतळावरील तपासणी

बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून जातो आणि जलंब स्थानकातून खामगावला शाखा फुटते. ही शाखा १८७० साली कापसाच्या व्यापारासाठी सुरू झाली. तेव्हापासून आजतागायत येथील व्यापारी मुंबईस जातो तो बहुधा आगगाडीनेच. तथापि दिल्ली, हैदराबाद अशा दूरच्या कामांसाठी आता विमानाचा मार्ग रूढ होत आहे आणि त्यासाठी जवळचे ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ. खामगाव-शेगावकडील मंडळी चिखली, देऊळगाव राजा, जालना या वाटेने तेथे पोहोचतात. किंवा मेहकरजवळ समृद्धी महामार्ग गाठतात. नागपूर ते शिर्डी हा या महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागाला विमानतळ एकाएकी जवळ आला.

या प्रवासात व्यापारी कुटुंबाच्या सामानात एक नवी वस्तू असते. पूर्वी वकिलाकडे किंवा हिशेबतपासनिसाकडे जाताना लाल कापडात बांधलेल्या रोजकीर्दी आणि खतावण्या बरोबर जात. आता तळहाताएवढी हार्ड डिस्क किंवा बोटाएवढा पेन ड्राइव्ह जातो. त्यात पाच-सात वर्षांचे टॅलीतील हिशेब असतात, जीएसटीची विवरणपत्रे असतात, आणि बहुधा त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात मुलीच्या लग्नाची छायाचित्रेही असतात. निघताना घरातील वडीलधारे हटकून बजावतात, ‘ती डिस्क त्या यंत्रातून घालू नका, सगळे पुसले जाईल.’ ही भीती अगदीच निराधार नाही. तिचे मूळ कॅसेट आणि फ्लॉपीच्या काळात आहे. चुंबक जवळ आल्याने पुसली गेलेली फ्लॉपी पुष्कळांनी पाहिली आहे आणि क्ष-किरणांनी काळवंडलेला छायाचित्रांचा रोलही काहींनी पाहिला आहे. दोन वेगळ्या कारणांची एकच भीती झाली, एवढेच.

या शंकेचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. विमानतळाच्या याच वाटेवर, मेहकरपासून थोडे आडबाजूस, लोणार आहे. नोंद कशी टिकते आणि कशाने पुसली जाते, हे तेथील काळ्या पाषाणाइतके स्पष्ट सांगणारे दुसरे स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी सपाट जमीन मागे पडली आणि घाट चढून पठारावर आले की प्रदेश बदलतो. जमीन उथळ होते, बांधांवर काळे धोंडे दिसू लागतात. लोणार गाव येईपर्यंत पुढे काय आहे याची कल्पनाही येत नाही. मग एकाएकी पायाखालची जमीन संपते आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ गोल असे विवर समोर उघडते. काठाची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा उंचावलेली आहे. आतला उतार दाट झाडीचा असून तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर आहे. विवराची खोली दीडशे मीटरच्या घरात आहे. झाडीत मोरांचा आवाज येतो, काठाशी कमळजादेवीचे मंदिर आहे. गावातील दैत्यसूदन मंदिर शिल्पकलेसाठी प्रसिद्ध आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला ती जागा ही, अशी कथा येथे सांगितली जाते. गोमुखाची धार बारमाही वाहते. ते पाणी गोडे आहे आणि खाली सरोवराचे पाणी मात्र खारे व अतिशय क्षारयुक्त आहे.

व्यापाऱ्यांना हे सरोवर जुन्या काळापासून ठाऊक आहे. ‘ऐने अकबरी’त त्याचा उल्लेख येतो तो काच आणि साबण बनविण्यास लागणाऱ्या येथील खारामुळे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. हे ज्वालामुखीचे मुख असावे असे पुढे दीर्घकाळ मानले जात होते. १९७३ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी येथील खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच दाखवून दिली आणि हे उल्काघाताचे विवर असल्याचे निश्चित झाले. त्याच्या वयाविषयी मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५,७०,००० वर्षे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्याच वर्षी या सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

हे सर्व पर्यटकांस दाखविले जाते. पण ज्या दगडावर तो उभा असतो त्या दगडाकडे सहसा कोणी पाहत नाही. लोणारचा पाषाण हा दख्खनचा काळा बसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो लाव्हारसाच्या रूपाने पसरला आणि थंड झाला. त्यात लोह आणि टायटॅनियमयुक्त खनिजांचे सूक्ष्म कण असतात. मॅग्नेटाइट हे शुद्ध खनिज सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर असताना त्याला स्वतःचे टिकाऊ चुंबकत्व राहत नाही. त्या खाली तापमान उतरू लागले की त्याचे कण त्या क्षणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा असेल ती धरून बसतात. खडक पूर्ण थंड झाला की ती दिशा कायम राहते. खतावणीत शाईने लिहावे तशी ही नोंद आहे.

ही नोंद वाचता येते. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या पाषाणाच्या नमुन्यांतील चुंबकत्वाची मोजमापे १९५६ साली प्रसिद्ध केली. हा लाव्हा थंड होत होता तेव्हा भारताची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. खंड सरकतात या कल्पनेला ज्या थोड्या पुराव्यांनी त्या काळी बळ दिले त्यांत आपल्या पायाखालचा हा काळा दगड होता. कोट्यवधी उन्हाळे आणि पावसाळे त्याच्यावरून गेले. आकाशातून येणारे वैश्विक किरण आणि भूमीतील नैसर्गिक किरणोत्सर्ग अखंड चालू राहिले. नोंद राहिली.

मग ती पुसली जाते कशाने? त्याचेही उत्तर लोणारलाच आहे. उल्का आदळली तेव्हा विवराच्या मध्यातील खडक वितळले. जे वितळले त्यांतील जुनी नोंद उष्णतेने नष्ट झाली. काठावरचे खडक वितळले नाहीत, पण त्यांना जबर धक्का बसला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील पूर्णचंद्र राव आणि भल्ला यांनी १९८४ साली येथील खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास प्रसिद्ध करून त्यात आघाताच्या खुणा असल्याचे मत मांडले. त्या खुणांपैकी किती आघाताच्या आणि किती नंतरच्या काळाच्या, यावर पुढे मतभेद झाले. मात्र काठाच्या खडकांतील अधिक घट्ट बसलेली मूळ दिशा एवढ्या संहारातूनही शोधून काढता येते, हे महत्त्वाचे.

मुख्य विवरापासून जवळच अंबर तळे किंवा छोटे लोणार आहे. त्याच्या परिसरात मोठा मारुतीचे मंदिर असून तेथील निद्रिस्त मूर्तीचा पाषाण चुंबकीय असल्याचे स्थानिक लोक सांगतात. होकायंत्र घेऊन आलेले विद्यार्थी ते दगडांजवळ धरून पाहतात. लोहखनिजयुक्त बसाल्टाजवळ सुई थोडी हलावी यात आश्चर्य नाही. पण तोच दगड शेजारी ठेवलेल्या भ्रमणध्वनीतील छायाचित्रे पुसू शकत नाही. सुई हलविणे सोपे आहे, घट्ट बसलेली नोंद उलटविणे अवघड आहे. विमानतळाच्या शंकेचा उलगडा या भेदात आहे.

हार्ड डिस्कच्या तबकडीवर चुंबकीय धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यातील सूक्ष्म ठिपक्यांची दिशा म्हणजेच लिहिलेला आकडा. तत्त्व लोणारच्या दगडाचेच आहे. ती दिशा उलटविण्यास किती जोराचे क्षेत्र लागते, हे ओर्स्टेड या एककात सांगतात. हवेत हे एकक आणि गॉस हे आकड्याने सारखेच धरता येतात. जुन्या कॅसेटला सुमारे ३००, नंतरच्या अधिक क्षमतेच्या फ्लॉपीला सुमारे ७००, तर आजच्या हार्ड डिस्कला कित्येक हजार ओर्स्टेड लागतात. आता दुसरी बाजू पाहावी. पृथ्वीचे क्षेत्र आपल्या भागात अर्ध्या गॉसहूनही कमी आहे. विमानतळावर माणसे ज्या धातुशोधक चौकटीतून जातात तिचे क्षेत्र काही गॉसच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. हातातील दांडीसारख्या शोधकाचेही तसेच. या बळावर हार्ड डिस्क पुसणे म्हणजे फुंकर मारून तिजोरी उघडण्यासारखे आहे.

सामान ज्या यंत्रातून जाते त्यात क्ष-किरण असतात. क्ष-किरण हा प्रकाशाचाच एक अतिशय भेदक प्रकार आहे. तो चुंबक नाही. तो अणूतील एखादा इलेक्ट्रॉन उडवू शकतो, परंतु असंख्य अणूंनी मिळून धरलेली चुंबकीय दिशा त्यामुळे फिरत नाही. यंत्रातील पट्टा ओढणाऱ्या मोटारीभोवती चुंबकीय क्षेत्र असते हे खरे, पण ते अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. हार्ड डिस्क, हिशेबाची चुंबकीय टेप, सीडी किंवा डीव्हीडी यांना हातसामानाच्या तपासणीने इजा होत नाही.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि नव्या लॅपटॉपमधील एसएसडी यांची रचना निराळी आहे. त्यांत चुंबकत्व नसून सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. येथे क्ष-किरणांची शंका तात्त्विक दृष्ट्या योग्य ठरते, कारण पुरेशी मोठी मात्रा दिली तर ते इलेक्ट्रॉन निसटू शकतात. प्रश्न मात्रेचा आहे. विमानतळाच्या एका तपासणीत मिळणारी मात्रा अशा हानीला लागणाऱ्या मात्रेच्या लाखो पटींनी कमी असते. छायाचित्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४ साली केलेल्या चाचण्यांतही मेमरी कार्डांना विमानतळाच्या यंत्रांनी हानी झाल्याचे आढळले नाही.

मात्रा खरोखर मोठी असली तर काय होते, याचे उदाहरणही घडलेले आहे. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठविण्यात आले. त्यानंतर तेथील सरकारी कार्यालयांचे टपाल निर्जंतुक करण्यासाठी शक्तिमान इलेक्ट्रॉन किरणांतून जाऊ लागले. त्या उपचाराने कागद पिवळे व ठिसूळ पडले, छायाचित्रांचे रोल वाया गेले आणि मेमरी कार्डांसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडण्याचा धोका असल्याच्या सूचना द्याव्या लागल्या. मात्र तो उपचार जंतू मारण्यासाठी होता. पिशवीत काय आहे हे पाहण्यापुरताच वापरला जाणारा किरण त्याच्याशी तुलनाही सहन करणार नाही. शिवाय विमान दहा किलोमीटर उंचीवर गेले की वैश्विक किरणांचा मारा जमिनीपेक्षा पुष्कळ वाढतो. ज्याला किरणांचेच भय असेल त्याने तपासणी चुकवून विमानात बसण्याने काही साधत नाही.

अपवाद एकच आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. छायाचित्रांचा न धुतलेला रोल क्ष-किरणांनी खरोखर धुरकट होतो. विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या सामानाची यंत्रे अधिक शक्तिमान असतात, म्हणून असा रोल त्या सामानात कधीही ठेवू नये. अधिक संवेदनशील, म्हणजे ८०० आयएसओ व त्यावरील रोल असेल तर तो हाताने तपासण्याची विनंती करावी. एखाद्या घरात आजोबांच्या कॅमेऱ्यात अर्धा राहिलेला रोल निघाला तर हा नियम उपयोगी पडेल. धुतलेल्या निगेटिव्ह आणि छापील छायाचित्रांना मात्र काही होत नाही.

बँकेच्या कार्डाविषयीही हीच शंका विचारली जाते. कार्डामागील काळी पट्टी चुंबकीय असते, पण बँका सहसा अधिक घट्ट नोंदीची पट्टी वापरतात. तिला २,७०० किंवा त्याहून अधिक ओर्स्टेड लागतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१८ अखेर जुनी केवळ पट्टीची कार्डे जाऊन चिपची कार्डे आली, आणि चिप चुंबकाने पुसली जात नाही. हॉटेलच्या खोलीचे कार्ड मात्र बहुधा कमी ताकदीच्या पट्टीचे असते. भ्रमणध्वनीच्या वेष्टनातील किंवा पर्सच्या कुलपातील चुंबकाजवळ राहून ते पुष्कळदा निकामी होते आणि दोष विमानतळाच्या यंत्राला दिला जातो. धनादेशाच्या तळाशी छापलेले आकडेही चुंबकीय शाईचे असतात, परंतु वाचणारे यंत्र ती शाई वाचण्यापूर्वी स्वतःच चुंबकित करून घेते. म्हणून धनादेशपुस्तिकेची चिंता नको.

एवढे समजल्यावर खरी चिंता कशाची करावी, हा प्रश्न उरतो. विदर्भातील व्यापाऱ्याच्या डिस्कचा पहिला शत्रू ऊन आहे. मे महिन्यात खामगाव-शेगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीत तो ६० च्या पुढे सहज जातो. अनेक हार्ड डिस्कची चालू स्थितीतील मर्यादाच ६० अंश असते. पेन ड्राइव्हमधील कोंडलेले इलेक्ट्रॉनही उष्णतेने लवकर गळतात. लोणार पाहावयास उतरताना डिस्क मोटारीच्या समोरच्या फळीवर ठेवणे हे विमानतळाच्या शंभर तपासण्यांपेक्षा अधिक धोक्याचे आहे. दुसरा शत्रू धक्का. हार्ड डिस्कमध्ये वाचणारी सुई तबकडीपासून केसाहूनही सूक्ष्म अंतरावर तरंगते, त्यामुळे फिरती डिस्क हातातून पडली तर तबकडीच खरवडली जाते. म्हणून तिला मोठ्या सामानात न टाकता हातसामानात ठेवावे. तिसरा शत्रू विसरभोळेपणा. तपासणीच्या गडबडीत ट्रेमध्ये राहून गेलेला लॅपटॉप किंवा पेन ड्राइव्ह क्ष-किरणांनी नव्हे, धांदलीने हरवतो. त्याला संकेतशब्द नसेल तर हिशेबही परक्याच्या हाती जातात.

चौथा आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे एकच प्रत. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. कंपनी कायद्यानुसार ही मुदत आठ आर्थिक वर्षांची आहे. न वापरता पडून राहिलेला पेन ड्राइव्ह साधारण दहा वर्षे नोंद धरील असे मानतात, पण तो हमीपत्र देत नाही. नोटीस आली त्या दिवशी डिस्क उघडली नाही, तर ‘विमानतळावर पुसली गेली’ हे उत्तर अधिकारी स्वीकारणार नाही आणि विज्ञानही स्वीकारणार नाही.

एकच प्रत असण्याचे भय जैन समाजाने फार पूर्वी अनुभवले आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथेच राहिली. इतरत्र तिचे केवळ नाव ऐकू येई. ताडपत्रे जीर्ण होत चालली तेव्हा सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिलेखनास आरंभ झाला. पुढे अमरावती येथे प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले आणि १९३९ साली पहिला भाग अमरावतीहूनच छापून निघाला. जो ग्रंथ एका गावी होता तो अनेक गावी झाला. शास्त्राच्या प्रती लिहवून घेऊन त्या निरनिराळ्या मंदिरांस देण्याच्या शास्त्रदानाच्या रूढीत हाच शहाणपणा आहे. पुण्य तर आहेच, पण सुरक्षाही आहे.

व्यापाऱ्याच्या हिशेबाला तोच न्याय लावावा. एक प्रत दुकानातील संगणकावर, दुसरी घरच्या कपाटातील डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी, म्हणजे भावाकडे, हिशेबतपासनिसाकडे किंवा भरवशाच्या ऑनलाइन साठ्यावर. वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीबरोबर जुन्या डिस्कही एकदा उघडून पाहाव्यात, त्यांतील दोन-चार फायली वाचता येतात की नाही याची खात्री करावी आणि शंका आली तर नवी प्रत करावी. प्रवासात जी डिस्क बरोबर असेल ती कधीही एकमेव प्रत नसावी.

लोणार पाहू इच्छिणाऱ्यांनी सकाळी लवकर पोहोचावे. विवरात उतरून परत चढण्यास वेळ आणि पाणी दोन्ही लागते, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबांना दुपारनंतरचा पुढचा प्रवास सोयीचा पडतो. पुष्कळजण येथूनच वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास जातात. हे अभयारण्य आणि भूवैज्ञानिक वारसास्थळ असल्याने येथील दगड आठवण म्हणून उचलू नयेत, चुंबक आहे का हे पाहण्यासाठी फोडू तर मुळीच नयेत. त्यांतील नोंद जागेवरून हलविली की तिचा अर्थ हरवतो, कारण दगड कोणत्या दिशेला तोंड करून होता हेच मग सांगता येत नाही.

तेथून पुढे चिकलठाण्याला गेल्यावर लॅपटॉप पिशवीतून काढून ट्रेमध्ये ठेवावा, डिस्क आणि पेन ड्राइव्ह हातसामानात निर्धास्तपणे यंत्रातून जाऊ द्यावेत आणि पलीकडे गेल्यावर सर्व वस्तू मोजून घ्याव्यात. यंत्रापाशी भीती बाळगण्याचे कारण नाही. निघण्यापूर्वी घरी दुसरी प्रत ठेवली आहे की नाही, तेवढे मात्र पाहावे.